विद्यार्थ्याचं उत्तर वर्गात परत यावं

दिघोरी मोठी हे भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातलं धानाचं गाव. इथून नागपूर शंभराहून अधिक किलोमीटर दूर. साकोलीला किंवा लाखांदूरला पदवीसाठी जाणाऱ्या इथल्या मुलामुलींचा अभ्यासक्रम मात्र त्या नागपुरातच ठरतो. १९२३ साली स्थापन झालेल्या आणि आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव धारण करणाऱ्या नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे येतात. अभ्यास मंडळ विषयाचा मजकूर तयार करतं, विद्या परिषद त्याला मान्यता देते, गावोगावची महाविद्यालयं तो शिकवतात, आणि हिवाळी-उन्हाळी परीक्षा झाल्या की उत्तरपत्रिका तपासणीला जातात. काही आठवड्यांनी गुण येतात. दुसऱ्या युनिटमधली नेमकी कोणती कल्पना मुलांच्या डोक्यात चुकीची बसली, कुठल्या प्रश्नाला बहुतेकांनी हातच लावला नाही, हे गुणपत्रिकेत नसतं. शिकवणाऱ्याला ते कळत नाही, अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांनाही कळत नाही. पुढच्या वर्षी तेच युनिट त्याच पद्धतीनं पुन्हा शिकवलं जातं.

तंत्रज्ञानाचा खरा उपयोग इथे आहे, असं मला ठामपणे वाटतं. पण गेली चाळीस वर्षं आपण ते मुख्यतः दुसऱ्याच कामाला लावलं. ते काम म्हणजे व्याख्यान दूरवर पोहोचवणं.

त्या प्रयत्नांचा इतिहास मोठा आहे. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगानं दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केलं. ‘इन्सॅट-१बी’ उपग्रहामुळे ते देशभर दिसू लागलं आणि कार्यक्रमांच्या निर्मितीसाठी पुण्यासह काही विद्यापीठांत केंद्रं उभी राहिली. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘एज्युसॅट’ हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह झेपावला. त्या प्रकल्पाच्या प्रायोगिक टप्प्यात महाराष्ट्रातून नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सहभागी होतं. २०१७ मध्ये ‘स्वयं’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आणि ‘स्वयंप्रभा’च्या ३२ डीटीएच वाहिन्या आल्या. २०२१च्या नियमांनुसार एखाद्या सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत ‘स्वयं’वरून पूर्ण करून त्यांचे श्रेयांक घेता येतात.

हे काम मी कमी लेखत नाही. लाखांदूर तालुक्यात पावसाळी सत्राची सुरुवात आणि धानाची रोवणी एकाच सुमारास येतात. बांधीत उभ्या असलेल्या मुलीला बुडालेला तास रात्री घरी पाहता आला, तर ती सोय लहान नाही. डीटीएचला इंटरनेटही लागत नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात ज्या विषयाचा शिक्षकच नाही, तो विषय आयआयटीच्या प्राध्यापकाकडून ऐकायला मिळणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे.

पण ऐकल्यानं शिकणं किती होतं? हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर चित्र उलटलं. आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के मजकूर उरला होता, पुन्हा वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. उत्तर शोधायला डोक्याला जे कष्ट पडतात, त्यांनीच ज्ञान पक्कं होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड दोनदा वाचणाऱ्याला सगळं येतंय असं का वाटतं, आणि महिन्याभरानं त्यातलं काहीच का उरत नाही, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवर झालेल्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी घेतला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के विद्यार्थी नापास होत होते. ज्या वर्गांत विद्यार्थ्यांना प्रश्न सोडवायला, चर्चा करायला, लिहायला लावलं जात होतं, तिथे २१.८ टक्के. त्या वर्गांत तंत्रज्ञान होतंच असं नाही. वर्गात विद्यार्थी काहीतरी करत होते, यानं फरक पडला. म्हणून कुठलंही यंत्र, अ‍ॅप किंवा स्मार्ट बोर्ड विकत घेण्याआधी विचारायचा प्रश्न असा: यामुळे विद्यार्थी जास्त वेळा उत्तर देईल का, आणि ते उत्तर शिक्षकाला वेळेवर दिसेल का?

या प्रश्नाला मराठी मुलखातच चांगली उत्तरं सापडली आहेत. त्यातलं सर्वांत जुनं उत्तर छापील आहे. १९८९ मध्ये मुक्त विद्यापीठ सुरू झालं तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्यासमोर अडचण होती ती समोर वर्ग नसण्याची. नोकरी करणारा, शेती करणारा, घर सांभाळणारी, असे विद्यार्थी एकट्यानं शिकणार होते. म्हणून पुस्तकं वेगळ्या घडणीची झाली. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मजकुराच्या मधेच थांबवणारे स्वयं-अध्ययन प्रश्न, आणि उत्तरं शेवटी. शिक्षक समोर नसताना पुस्तकानंच विद्यार्थ्याला अडवून विचारायचं, की बाबा, आत्तापर्यंत काय कळलं? ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद सगळ्यांच्या तोंडी आहे. त्या पुस्तकांच्या घडणीकडे मात्र पारंपरिक विद्यापीठांनी पुरेसं लक्ष दिलं नाही, याचं मला दुःख आहे.

हाच धागा आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिडिओत आणला. शिक्षक तासभर बोलतो आहे आणि कॅमेरा चालू आहे, असा व्हिडिओ त्यांनी नाकारला. काही मिनिटांचा छोटा व्हिडिओ, त्यात मधेच एक थांबा, थांब्यावर प्रश्न: व्हिडिओ थांबवा, वहीत उत्तर लिहा, मग पुढे चला. पुढच्या भागात विद्यार्थ्यांनी बहुधा काय लिहिलं असेल, याचा विचार करूनच शिक्षक बोलतो. त्यानंतर सराव आणि लगेच अभिप्राय. दिघोरीजवळच्या महाविद्यालयातला प्राध्यापक आपल्या मोबाइलवर असा व्हिडिओ तयार करू शकतो. स्टुडिओ लागत नाही. कुठे थांबायचं आणि काय विचारायचं, याची तयारी लागते, आणि तिला व्याख्यानाच्या तयारीपेक्षा जास्त वेळ जातो.

मोठ्या वर्गांबद्दल नेहमी एक हरकत घेतली जाते: शंभर मुलांना कुठे प्रश्न विचारत बसणार? त्याच आयआयटीत पहिल्या वर्षाच्या संगणक-प्रोग्रामिंगच्या वर्गात कितीतरी पट अधिक विद्यार्थी बसतात. तिथे ‘थिंक-पेअर-शेअर’ ही पद्धत वापरली गेली. आधी प्रत्येकानं एकट्यानं विचार करून लिहायचं, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग वर्गापुढे मांडायचं. संशोधकांनी वर्गात बसून नोंदी ठेवल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार या कृतीच्या वेळी सरासरी ८३ टक्के विद्यार्थी खरोखर कामात गुंतलेले होते. मागच्या बाकावरच्या मुलांसह ८३ टक्के! आपल्याकडचा कुठलाही प्राध्यापक हा आकडा दोनदा वाचेल.

दिघोरीच्या मातीतला एक प्रश्न घेऊन हे कसं चालतं ते पाहू. बी.एस्सी.च्या वनस्पतिशास्त्राच्या वर्गात प्रकाशसंश्लेषण शिकवून झालं आहे. समीकरण फळ्यावर आहे, सगळ्यांनी उतरवलं आहे. आता विचारा: एक क्विंटल वाळलेलं धान घरात आलं, त्याचं बहुतेक वजन कुठून आलं? माती, खत, पाणी की हवा? कितीतरी जण ‘माती’ किंवा ‘खत’ म्हणतील. हा गैरसमज जगभरच्या विद्यार्थ्यांत आढळतो आणि शेतकऱ्याच्या घरात तर तो अगदी स्वाभाविक आहे, कारण युरिया टाकला नाही तर पीक येत नाही हे डोळ्यांनी दिसतं. खरं म्हणजे दाण्यातला मुख्य पदार्थ स्टार्च. त्याच्या वजनात सुमारे ४४ टक्के कार्बन, ४९ टक्के ऑक्सिजन आणि ६ टक्के हायड्रोजन. कार्बन आणि ऑक्सिजन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतात, हायड्रोजन पाण्यातून. खतातला नायट्रोजन हे सगळं घडवून आणणाऱ्या हरितद्रव्याला आणि विकरांना लागतो. वजनात त्याचा वाटा अगदी थोडा. समीकरण पाठ असलेल्या मुलालाही हे समीकरण आपल्या बांधीतल्या धानाबद्दल आहे, असं जाणवलेलं नसतं. परीक्षेत ‘प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या लिहा’ असं विचारलं तर त्याला पूर्ण गुण मिळतात आणि गैरसमज तसाच राहतो.

हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी १९९१ पासून असे प्रश्न वापरण्याची एक शिस्त बसवली. प्रत्येकानं आधी आपलं उत्तर नोंदवायचं. साधारण ३० ते ७० टक्क्यांचं उत्तर बरोबर असेल तर शिक्षकानं काहीच न सांगता मुलांना आपसांत वाद घालू द्यायचा आणि पुन्हा मत घ्यायचं. ३० पेक्षा कमी असेल तर विषय नव्यानं समजवायचा. ७० पेक्षा जास्त असेल तर थोडक्यात खुलासा करून पुढे जायचं. या निर्णयासाठी शिक्षकाला सगळ्या वर्गाचं उत्तर त्याच क्षणी दिसावं लागतं, आणि तिथे तंत्रज्ञान कामी येतं. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात फोन असण्याचीही गरज नाही. ‘प्लिकर्स’सारख्या व्यवस्थेत विद्यार्थ्यांकडे फक्त छापील कार्डं असतात. उत्तर अ, ब, क की ड, त्यानुसार कार्ड फिरवून धरायचं. शिक्षक आपल्या एकट्याच्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि सगळी उत्तरं नावानिशी नोंदली जातात. शेजाऱ्याला कार्डावरून उत्तर ओळखता येत नाही, त्यामुळे चुकण्याची लाजही कमी वाटते. गावाकडून आलेल्या, वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलांसाठी हे फार मोलाचं आहे.

फोन एकच पुरतो, हे मी मुद्दाम सांगतो आहे. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची ‘असर’ पाहणी जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. जवळपास ९० टक्के घरांत स्मार्टफोन होता. पण ज्यांना तो वापरता येत होता, त्यांतल्या ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता आणि मुलींत हे प्रमाण १९.८ टक्के होतं. ‘सगळ्यांनी लिंक उघडा’ म्हणणाऱ्या वर्गात कोण मागे राहणार, हे या दोन आकड्यांनी आधीच ठरवलेलं असतं. घरातला फोन भाऊ घेऊन शेतावर गेला की बहिणीचा तास बुडतो. म्हणून अभ्यासाचं साहित्य डाउनलोड करून ठेवता येणारं, थोड्या एमबीचं, छापूनही चालणारं असायला हवं. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकारानं आयआयटी मुंबईत उभा राहिलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प या बाबतीत आदर्श आहे. सुमारे दहा मिनिटांचे धडे. आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत. पडद्यावरचं सॉफ्टवेअर मात्र इंग्रजीतच, कारण नोकरीत ते तसंच समोर येणार. एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर उघडून प्रत्येक पायरी स्वतः करून बघायची. सगळं मुक्त सॉफ्टवेअर, त्यामुळे खर्च नाही, आणि इंटरनेट नसलेल्या प्रयोगशाळेतही चालतं.

आता पुन्हा विद्यापीठाकडे वळू. मुंबई विद्यापीठानं २०१७च्या उन्हाळ्यात सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. पुरेशी तयारी नव्हती, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि शेवटी कुलगुरूंना पद सोडावं लागलं. त्या गोंधळामुळे या पद्धतीचं नाव खराब झालं. पण तिच्यात एक ठेवा आहे, ज्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. पडद्यावर तपासताना प्रत्येक प्रश्नाचे, उपप्रश्नाचे गुण वेगवेगळे नोंदले जातात. नागपूर विद्यापीठानंही गेल्या दशकात ही पद्धत स्वीकारली. म्हणजे एखाद्या विषयाच्या तिसऱ्या युनिटवरच्या प्रश्नाला चार जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्यांनी सरासरी किती गुण मिळवले, किती जणांनी तो सोडून दिला, हे काढायला संगणकाला काही क्षण पुरतात.

त्यातून काय कळतं, ते लहान प्रमाणावर मांडतो. समजा पन्नास जणांच्या वर्गात चार पर्यायांचा प्रश्न दिला आणि बाराच उत्तरं बरोबर आली. डोळे मिटून खूण केली तरी तेवढी बरोबर येतील, म्हणजे या मुद्द्याचं कुणालाच काही कळलेलं नाही. पण उरलेल्या अडतीसपैकी तीस जणांनी एकच चुकीचा पर्याय निवडला असेल, तर निदान बदलतं. तिथे कुणी अंदाज केलेला नाही. एक ठाम गैरसमज वर्गभर पसरलेला आहे आणि कदाचित तो शिकवण्यातून किंवा पाठ्यपुस्तकातून आला आहे. तिसरा प्रकार असा, की एकूण निकालात पुढे असलेल्यांचं उत्तर चुकतं आणि मागे असलेल्यांचं बरोबर येतं. तिथे बहुतेक वेळा प्रश्नच सदोष असतो किंवा उत्तरसूची चुकलेली असते. पहिल्या प्रकारात तासिका वाढवायच्या, दुसऱ्यात शिकवण्याची रीत बदलायची, तिसऱ्यात प्रश्न काढून टाकायचा. हे विश्लेषण साध्या स्प्रेडशीटमध्ये होतं. तेच विद्यापीठाच्या पातळीवर करून, विद्यार्थ्यांची नावं वगळून, निकालानंतर प्रत्येक महाविद्यालयाला आणि अभ्यास मंडळाला मिळालं, तर अभ्यासक्रम-बदलाच्या बैठकीत कुठलं युनिट ठेवायचं आणि कुठलं फोडायचं, याची चर्चा पुराव्यावर होईल. आज ती बरीचशी सदस्यांच्या अनुभवावर आणि इतर विद्यापीठांच्या मजकुरावर चालते.

अभ्यासक्रमात काय असावं, यालाही तंत्रज्ञानानं नवी वाट दिली आहे. भंडारा जिल्हा तलावांचा. कोहळी समाजानं बांधलेले आणि पुढे मालगुजारी म्हणून ओळखले गेलेले हे तलाव आजही धानाला पाणी देतात. गाळ, बेशरम वनस्पती आणि बदललेली मासेमारी यांमुळे त्यांतले अनेक खालावले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढीवर समाजाच्या सोबतीनं देशी पाणवनस्पती आणि देशी मासे परत आणण्याचं काम केलं, आणि कोणती वनस्पती कोणत्या माशाला आसरा देते हे ज्ञान ढिवरांकडेच होतं. दिघोरी परिसरातला एक तलाव घेऊन भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी जुन्या-नव्या उपग्रह-चित्रांवरून त्याचं पाण्याखालचं क्षेत्र मोजावं, मुक्त नकाशा-सॉफ्टवेअरवर लाभक्षेत्र आखावं; वनस्पतिशास्त्राच्या मुलांनी मोबाइलवर स्थाननिश्चितीसह वनस्पतींच्या नोंदी घ्याव्यात; अर्थशास्त्राच्या मुलांनी मच्छीमार सोसायटीचा हिशेब मांडावा. ‘उन्नत महाराष्ट्र अभियाना’नं गावाच्या पाणी-रस्ते-वाहतुकीचे प्रश्न अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना अभ्यास-प्रकल्प म्हणून देण्याची रीत आयआयटी मुंबईच्या पुढाकारानं घालून दिलीच आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या रचनेत क्षेत्र-प्रकल्पांना श्रेयांक आहेत. तलावाच्या कामाला ते मिळाले तर विद्यार्थ्याचं उत्तर तपासणाऱ्यापुरतं उरणार नाही, ग्रामपंचायतीलाही ते लागेल.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल थोडक्यात, पण कळकळीनं. तुर्कस्तानातल्या शाळकरी मुलांवर झालेल्या एका प्रयोगात गणिताच्या सरावासाठी जीपीटी-४ दिलं गेलं. थेट उत्तर देणारं साधन वापरणाऱ्यांचा सराव ४८ टक्क्यांनी सुधारला. साधन काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा मात्र ती मुलं, ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. उत्तर न देता फक्त इशारे देणारं साधन ज्यांच्या हाती होतं, त्यांचं असं नुकसान झालं नाही. म्हणजे एकच तंत्र, फरक एवढाच की उत्तर कुणी द्यायचं. असाइनमेंट म्हणून घरून लिहून आणायचे पाच प्रश्न आता काहीच मोजत नाहीत, हे मान्य करून तोंडी परीक्षा, वर्गातलं लेखन आणि क्षेत्र-नोंदी यांना गुण द्यायला हवेत.

आणि हे सगळं करणार कोण? ग्रामीण महाविद्यालयांत अनेक जागा रिकाम्या आहेत आणि बरंचसं अध्यापन तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालतं. त्यांना मानधन मिळतं ते वर्गात घेतलेल्या तासाचं. मुलांची उत्तरं वाचणं, त्यांतले गैरसमज शोधणं, पुढच्या तासासाठी प्रश्न घडवणं, व्हिडिओत कुठे थांबायचं ते ठरवणं, या कामाचा त्या हिशेबात समावेश नाही. सॉफ्टवेअरच्या परवान्यांवर आणि पडद्यांवर विद्यापीठं आणि शासन पैसा खर्च करतात. त्यातला काही भाग या वेळेच्या मानधनासाठी राखून ठेवला, आठवड्याला प्रत्येक वर्गामागे निदान एक तास, तर साकोली-लाखांदूरच्या महाविद्यालयांत हे काम येत्या हिवाळी सत्रापासून सुरू होऊ शकतं. कार्डं छापायला लागणारा कागद त्यांच्याकडे आहेच.